इनो सेटअप : जुन्या प्रोग्रामांचा पाठीराखा

मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) बाजारात आले १९९८ साली. पुढची काही वर्षे पतसंस्थांची रोजकिर्द, दूध संकलनाची बिले, औषध दुकानांचा साठा, शाळांचे निकाल अशा कामांसाठी गावोगावच्या प्रोग्रामरांनी जे लिहिले, त्यातले कितीतरी याच भाषेत होते. ८ एप्रिल २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने या भाषेत प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाचा आधार काढून घेतला. तरीही त्यात लिहिलेले प्रोग्राम थांबले नाहीत. ज्या कारकुनाचा हात त्यावर बसला आहे, ज्या संस्थेचा वीस वर्षांचा डेटा त्यात आहे, त्यांना ते सहजासहजी टाकून देता येत नाहीत.

खुद्द विंडोजचीही त्यांना आडकाठी नाही. व्हीबी ६ चा प्रोग्राम ३२ बिटचा असतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते, पण ३२ बिटचे प्रोग्राम चालवण्याची व्यवस्था तिच्यात आहे. या प्रोग्रामांना लागणारी मूळ रनटाइम फाइल, म्हणजे एमएसव्हीबीव्हीएम६०.डीएलएल, आजही विंडोजबरोबरच येते. म्हणजे प्रोग्राम धडधाकट आहे. मग जुना पीसी बंद पडला, नवा आणला आणि जपून ठेवलेली सीडी घातली, की गाडी अडते कुठे? बहुतेक वेळा ती सेटअपपाशी अडते. जुन्या प्रोग्रामाचे नव्या यंत्रावरचे आयुष्य इन्स्टॉलर ठरवतो, आणि म्हणून तो कशाने बनवायचा हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. या कामात गेली अनेक वर्षे खात्रीने साथ देणारे साधन म्हणजे इनो सेटअप.

सेटअप नेमके काय करतो

व्हीबी ६ चा प्रोग्राम म्हणजे नुसती एक ईएक्सई फाइल नव्हे. पडद्यावरची टूलबार, याद्या, तक्ते, फाइल उघडण्याची खिडकी हे सगळे वेगळ्या ओसीएक्स फाइलींमधून येते. रनटाइम विंडोजबरोबर येत असली, तरी या ओसीएक्स येत नाहीत. त्या नुसत्या कॉपी करूनही भागत नाही. रजिस्ट्रीत त्यांची नोंद व्हावी लागते, तरच प्रोग्रामाला त्या सापडतात. नोंद राहिली, की सुरू करतानाच अमुक घटक नीट रजिस्टर झालेला नाही असा संदेश येतो आणि प्रोग्राम बंद होतो.

हे काम करण्यासाठी व्हीबी ६ बरोबर पॅकेज अँड डिप्लॉयमेंट विझर्ड मिळत असे. त्या काळात त्याने पुष्कळांची सोय केली. पण प्रोग्रामरच्या स्वतःच्या यंत्रावरच्या सिस्टिम फाइली उचलून पॅकेजमध्ये भरायची त्याची पद्धत होती. त्या दुसऱ्याच्या यंत्रावर जाऊन पडल्या, की तिथले दुसरे एखादे सॉफ्टवेअर कोलमडत असे. सामायिक डीएलएल फाइलींच्या या गोंधळाने नव्वदच्या दशकातल्या प्रोग्रामरांना सळो की पळो करून सोडले होते. विंडोज २००० पासून सिस्टिम फाइलींना संरक्षण आले आणि व्हिस्टापासून ते आणखी कडक झाले. आता बाहेरच्या सेटअपला त्या बदलताच येत नाहीत. त्यामुळे विझर्डने बनवलेला सेटअप कधी कधी चक्रात सापडे. सिस्टिम फाइली जुन्या आहेत, त्या अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू करतो, असे तो सांगे. संगणक पुन्हा सुरू झाला, की तेच वाक्य पुन्हा पडद्यावर.

याहून जुनी अडचण सोळा बिटची. काही ३२ बिट प्रोग्रामांचे सेटअप मात्र १६ बिटचे होते, आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचे काहीही चालवत नाही. इन्स्टॉलशील्ड या सेटअप बनवणाऱ्या साधनाच्या काही जुन्या, ओळखीच्या आवृत्त्यांसाठी विंडोज स्वतःच आतून ३२ बिटचा पर्याय लावून देते; बाकीच्यांच्या वाट्याला नकार येतो. आतला प्रोग्राम चालण्याजोगा आणि दार मात्र बंद, अशी ही स्थिती.

१९९७ मध्ये सुरू झालेले काम

जॉर्डन रसेल या प्रोग्रामरने इनो सेटअपचे काम १९९७ मध्ये सुरू केले. बोर्लंडच्या डेल्फीबरोबर त्याला इन्स्टॉलशील्ड एक्स्प्रेस मिळाले होते. त्याने समाधान झाले नाही, म्हणून त्याने डेल्फीमध्येच स्वतःचा इन्स्टॉलर लिहिला. पुढे मार्टाइन लान यांनी त्याला पास्कल भाषेतली स्क्रिप्ट जोडली. तेव्हापासून ठरावीक कामांपलीकडचे काहीही सेटअपमध्ये लिहिता येऊ लागले: आधीची आवृत्ती आहे का पाहा, डेटाचा बॅकअप घ्या, वापरणाऱ्याला सर्व्हरचा पत्ता विचारा. सोर्स कोड खुला आहे आणि सुधारणा आजही चालू आहेत. गिट फॉर विंडोज इनो सेटअपनेच बांधलेले असते. इतकेच काय, खुद्द मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा विंडोजवरचा सेटअपही यातच बनतो.

इनो सेटअपचा गाभा म्हणजे साध्या मजकुराची एक स्क्रिप्ट. प्रोग्रामचे नाव आणि आवृत्ती एका भागात, फाइली दुसऱ्यात, शॉर्टकट तिसऱ्यात, रजिस्ट्रीतल्या नोंदी चौथ्यात. कम्पाइल केले, की एकच सेटअप फाइल तयार होते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन जावी किंवा ईमेलने लिंक पाठवावी.

ओसीएक्सची एक ओळ पाहिली, तरी विचार किती खोलवर केला आहे ते कळते. फाइल कुठे ठेवायची, तर सिस्टिम फोल्डरमध्ये. इनो सेटअपने बनवलेला सेटअप, वेगळे सांगितले नसेल तर, ३२ बिट पद्धतीने चालतो. त्यामुळे ६४ बिट विंडोजवर फाइल आपोआप सिसवाव६४ या फोल्डरमध्ये जाते, आणि व्हीबी ६ ला ती तिथेच लागते. हाताने सिस्टिम३२ मध्ये कॉपी करून डोके धरून बसणाऱ्यांची चूक इथे होतच नाही. त्याच ओळीत पुढे काही खुणा लिहायच्या. एका खुणेने फाइलची रजिस्ट्रीत नोंद होते, आणि तीही सगळ्या फाइली जागेवर पोचल्यावर, म्हणजे एकमेकींवर अवलंबून असलेल्या फाइलींची अडचण येत नाही. दुसरीने ही फाइल इतरही प्रोग्राम वापरतात हे विंडोजला कळते, त्यामुळे आपला प्रोग्राम काढताना दुसऱ्याचा मोडत नाही. तिसरी खूण फाइल वापरात असेल तर ती संगणक पुन्हा सुरू होताना बदलते. आणि काहीही न लिहिता मिळणारी गोष्ट म्हणजे यंत्रावर त्याच फाइलची नवी आवृत्ती असेल, तर इनो सेटअप तिच्यावर जुनी टाकत नाही. याचे मोल मोठे आहे. एमएसकॉमसीटीएल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ओसीएक्समधली सुरक्षेची गंभीर त्रुटी मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१२ मध्ये दुरुस्त केली. जुन्या सीडीवरची फाइल वर टाकली, तर ती त्रुटी परत यंत्रात येईल.

डेटा गायब होण्याचे कोडे

जुन्या प्रोग्रामांची एक सवय नव्या विंडोजला मुळीच चालत नाही. डेटाबेस प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवायची ती सवय. विंडोज ९८ वर असे बंधनच नव्हते आणि एक्सपीवर बहुतेकजण प्रशासक म्हणून लॉगिन करत, तेव्हा ते खपून जाई. व्हिस्टापासून प्रशासकाच्या लॉगिनवरही प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतो, आणि त्या अधिकाराने प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. पण अशा जुन्या प्रोग्रामांना एकदम नकार देण्याऐवजी विंडोज त्यांचे लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवते. प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात व्हर्च्युअलस्टोअर नावाचे फोल्डर असते, तिथे त्या फाइलची वेगळी प्रत तयार होते.

हे कार्यालयात कसे दिसते? सकाळी एका कर्मचाऱ्याने स्वतःच्या लॉगिनने चाळीस पावत्या भरल्या. दुपारी दुसऱ्याने आपल्या लॉगिनने तोच प्रोग्राम उघडला, तर त्यात एकही पावती नाही. डेटा उडाला म्हणून धावपळ सुरू होते. खरे तर काहीच उडालेले नसते. दोघेजण दोन वेगळ्या प्रतींमध्ये काम करत असतात. बॅकअप घेणाऱ्याने मूळ फोल्डर कॉपी केले असेल, तर त्यात या दोन्ही प्रती नसतात. संकट आहे ते इथे.

यावरचा इलाज सेटअपमध्येच करायचा असतो. डेटाबेस प्रोग्रामडेटा या सर्वांसाठीच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र ठेवावा, आणि त्या एकाच फोल्डरवर साध्या वापरकर्त्यांना बदल करण्याची परवानगी द्यावी. इनो सेटअपमध्ये ती एका ओळीत देता येते. सोपा उपाय म्हणून काहीजण प्रोग्राम फाइल्समधले सगळे फोल्डरच खुले करून टाकतात. ते करू नये, कारण मग कोणीही ईएक्सईच बदलून ठेवू शकतो. प्रोग्रामचा सोर्स हातात असेल, तर डेटाबेसचा पत्ता एखाद्या आयएनआय फाइलमधून वाचायची सोय करावी; मग उरलेले काम सेटअप निभावून नेतो.

आणखी एक खाचखळगा लक्षात ठेवावा. ओसीएक्सची सर्वांसाठी नोंद करायला प्रशासकाचा अधिकार लागतो. कारकुनाच्या लॉगिनवर सेटअप चालवला आणि प्रशासकाचा पासवर्ड दुसऱ्याने येऊन टाकला, तर सेटअपच्या लेखी ‘माझे खाते’ म्हणजे प्रशासकाचे खाते ठरते. वैयक्तिक सेटिंग्ज तिथेच लिहिली जातात आणि कारकुनाला ती दिसत नाहीत. म्हणून सर्वांसाठीच्या सेटअपने वैयक्तिक जागेत काही लिहू नये. ती कामे प्रोग्रामने पहिल्यांदा सुरू होताना करावीत.

इतर पर्याय आणि निवड

इनो सेटअपखेरीज आणखीही दमदार साधने आहेत. विनॅम्प बनवणाऱ्या नलसॉफ्टमधून आलेले एनएसआयएस अगदी हलके आहे. व्हीएलसी आणि नोटपॅड प्लस प्लसचे सेटअप त्यात बनतात. पण त्याची स्क्रिप्ट यंत्रभाषेच्या जवळची, शिकायला किचकट. मायक्रोसॉफ्टची अधिकृत पद्धत म्हणजे विंडोज इन्स्टॉलर, अर्थात एमएसआय. ऑफिस २००० बरोबर ती आली. एमएसआय बनवण्यासाठी विक्स हे साधन मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये खुल्या परवान्याखाली दिले. शेकडो संगणकांवर एका जागेवरून सॉफ्टवेअर टाकायचे असेल, मोठ्या कंपनीचा आयटी विभाग एमएसआयच मागत असेल, तर विक्स शिकण्याची मेहनत सार्थकी लागते. इन्स्टॉलशील्ड समर्थ आहे, पण त्याचा परवाना छोट्या व्यावसायिकाच्या खिशाला जड जातो. आणि व्हिज्युअल स्टुडिओतल्या सेटअप प्रोजेक्टवर पूर्ण विसंबावे, तर २०१२ च्या आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने ते काढून टाकले होते, नंतर वेगळे जोडसाधन म्हणून परत दिले. ज्यांचे काम त्यावर होते, त्यांना मधल्या काळात तारांबळ सोसावी लागली.

एक पर्याय नोंदणीच टाळण्याचा. विंडोज एक्सपीपासून ईएक्सईसोबत मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल ठेवून तिच्यात ओसीएक्सची माहिती लिहिता येते. मग ओसीएक्स प्रोग्रामशेजारीच राहतात. रजिस्ट्री नको, प्रशासक नको. प्रत्येक ओसीएक्सला हे मानवत नाही, पण जिथे मानवते तिथे यासारखी स्वच्छ व्यवस्था नाही. इनो सेटअपने अशी फाइलींची जुळणी सहज पोचवता येते.

मराठी प्रोग्रामांबाबत एक जादा काळजी घ्यावी लागते. युनिकोडपूर्व काळात लिहिलेले प्रोग्राम स्वतःच्या संकेताचे मराठी फॉन्ट वापरत. तो फॉन्ट यंत्रावर नसेल, तर खातेदाराच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. इनो सेटअपमध्ये फॉन्ट टाकण्याची आणि त्याची विंडोजमध्ये नोंद करण्याची सोय आहे. फॉन्ट आधीच असेल तर हात लावू नये, आणि प्रोग्राम काढताना फॉन्ट काढू नये, या दोन्ही सूचना द्यायला विसरू नये. दुसऱ्या प्रोग्रामाच्या नोंदी त्याच फॉन्टवर अवलंबून असू शकतात. अर्थात फॉन्ट वाटण्याचा परवाना आपल्याकडे आहे, हे आधी पाहावे.

उलट काही गोष्टी सेटअपमधून काढून टाकायच्या असतात. डेटाबेसशी जोडणारे एमडॅक व्हिस्टापासून विंडोजचाच भाग आहे. ते पुन्हा टाकू नये. रनटाइम आणि तिच्या सोबतच्या ओलेऑट३२सारख्या सिस्टिम फाइली आधुनिक विंडोजवर असतातच. जुन्या यादीतून त्या वगळल्या, की सेटअप लहानही होतो आणि निर्धोकही.

हाती देण्यापूर्वी

तयार सेटअपची चाचणी स्वतःच्या पीसीवर घेऊन काही कळत नाही, कारण तिथे सगळ्या ओसीएक्स आधीपासून असतात. नुकतेच फॉरमॅट मारलेले यंत्र किंवा कोरी व्हर्च्युअल मशीन घ्यावी. साध्या वापरकर्त्याच्या लॉगिनने प्रोग्राम चालवावा, पावती भरावी, छापावी, मग दुसऱ्या लॉगिनने तीच पावती दिसते का पाहावे. शेवटी प्रोग्राम काढून टाकावा आणि डेटा जागेवर आहे ना याची खात्री करावी. इनो सेटअपमध्ये प्रत्येक प्रोग्रामाला एक कायमचा ओळखक्रमांक असतो. तो पुढच्या आवृत्त्यांमध्ये बदलू नये. त्यावरूनच नवा सेटअप जुन्या जागी जाऊन बसतो.

विंडोज ८ पासून अनोळखी सेटअपवर स्मार्टस्क्रीनची निळी खिडकी येते. डिजिटल सहीने ही शंका हळूहळू कमी होते. जून २०२३ पासून सहीची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणात ठेवणे बंधनकारक झाल्याने खर्च वाढला आहे, पण ज्याचे अनेक ग्राहक असतील त्याने तो करावा.

दहा-वीस ठिकाणी व्हीबी ६ चा प्रोग्राम सांभाळणाऱ्यासाठी माझा कौल स्पष्ट आहे: इनो सेटअप घ्या. तो मोफत मिळतो किंवा सोपा आहे एवढ्याचसाठी नव्हे. त्याची स्क्रिप्ट म्हणजे आपल्या प्रोग्रामाला काय काय लागते याची वाचता येईल अशी नोंद असते. मूळ प्रोग्रामर निघून गेला, सीडीवर ओरखडे आले, तरी ती स्क्रिप्ट वाचून दुसरा माणूस काम पुढे नेऊ शकतो. म्हणून जुना पीसी अजून चालू आहे तोवरच ओसीएक्सची यादी करा, फाइली जपा, स्क्रिप्ट लिहा आणि सोर्स कोडशेजारी ठेवा. ज्यांचा व्यवसाय या साधनावर चालतो, त्यांनी ते बनवणाऱ्यांना पैसे देऊन हातभारही लावावा.