लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताय? आधी कॅमेऱ्याची फाइल बघा

आमच्या पालमसारख्या तालुक्याच्या गावात व्हिडिओ एडिटिंग म्हणजे मुख्यतः लग्नं. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं शूट, तेही बऱ्याचदा दोन कॅमेऱ्यांनी. कुणी लॅपटॉपबद्दल विचारलं की मी बजेटच्या आधी विचारतो: कॅमेरा कोणता, आणि रेकॉर्डिंग कोणत्या फॉरमॅटमध्ये करता?

कारण कॅमेरा व्हिडिओ दाबून लहान करतो आणि एडिटिंग करताना लॅपटॉपला तो सतत उलगडावा लागतो. हे काम प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डमधला एक खास भाग करतो, त्याला डिकोडर म्हणतात. तुमचा फॉरमॅट त्याला कळत असेल तर मध्यम लॅपटॉपवरही काम सुरळीत होतं. नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो, पंखा ओरडायला लागतो नि व्हिडिओ अडकत चालतो.

साध्या ८-बिट एच.२६४ फाइलला आजचा कुठलाही बरा लॅपटॉप पुरतो. खरी गंमत एच.२६५ १०-बिट ४:२:२ मध्ये आहे. सोनी ए७ फोर, कॅनन आर६ हे कॅमेरे असं रेकॉर्डिंग देतात. यात रंगांची माहिती जास्त असते, म्हणून हळदीचा पिवळा नि शालूचा लाल नंतर नीट सुधारता येतो. पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० सिरीजच्या कार्डांना ४:२:२ डिकोड करता येत नाही! ते आरटीएक्स ५० सिरीजपासून आलं. उलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या, इनबिल्ट ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरना हे जमतं. ॲपलच्या एम१ पासूनच्या चिप्सनाही जमतं. म्हणजे एएमडी रायझन अधिक आरटीएक्स ४०६० असा दणकट गेमिंग लॅपटॉप हप्त्यावर घेतला, तरी या फाइलवर तो साध्या इंटेल लॅपटॉपच्या मागे पडू शकतो. ऐन सीझनमध्ये हे कळणं परवडत नाही.

असा लॅपटॉप आधीच घरात असेल तर विकू नका. रात्री प्रॉक्सी, म्हणजे हलक्या कॉपी, बनवायला लावा आणि सकाळी त्यावर कट करा. फायनल एक्सपोर्ट मूळ फाइलवरूनच होतो.

रॅम ३२ जीबी. १६ घेतलीत तर नंतर वाढवता येते ना, एवढं विचारा. स्टोरेजचा हिशोब मात्र बहुतेक जण करत नाहीत. १०० एमबीपीएसचं रेकॉर्डिंग तासाला ४५ जीबी जागा खातं. दोन कॅमेरे, पाच तास म्हणजे एकाच लग्नाचे ४५० जीबी. आत १ टीबी एनव्हीएमई एसएसडी हवीच. जुनी कामं बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवा. स्क्रीन १०० टक्के एसआरजीबी बघा, नाहीतर रंग तुम्हाला एक दिसेल नि पार्टीला दुसरा.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, त्यात पत्र्याचं दुकान. तापलेला लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो, म्हणून अति पातळ मॉडेलपेक्षा मोठ्या पंख्यांचं जाड मॉडेल बरं. लाइट गेल्यावर गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर मंदावतो. चार्जर किती वॅटचा आहे आणि तुमच्या इन्व्हर्टरला झेपेल का, तेही बघा.

परभणी-नांदेडला खरेदीला जाताना स्वतःच्या शूटचं कार्ड सोबत न्या. क्लिप एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चालवा, टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा 'व्हिडिओ डिकोड' आलेख उघडा. तो हलला तर डिकोडर काम करतोय. तो सपाट राहून सीपीयू शंभरावर गेला तर ते मॉडेल सोडा. दुकानदार कार्ड लावूच देत नसेल तर दुसरं दुकान बघा.