मुलाखतीला जाताना



'मुलाखत' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत 'मुलाकात' म्हणजे भेट. हाच शब्द मराठीत आला आणि नोकरी देणारा व नोकरी मागणारा यांच्या भेटीलाही मुलाखत म्हणू लागले. 'उमेदवार' हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. ज्याच्या मनात उमेद आहे तो उमेदवार! हे दोन अर्थ लक्षात ठेवा, म्हणजे मुलाखतीची निम्मी भीती जाईल.

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील अनेक तरुण शिक्षण पूर्ण करून पुण्याला जातात. तेथे हिंजवडीला संगणकाचे काम करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. सात अभियंत्यांनी १९८१ साली पुण्यात सुरू केलेली इन्फोसिस ही त्यांपैकीच एक.

अशा कंपनीत निवड कशी होते? साधारणपणे आधी संगणकावर परीक्षा असते. तिच्यात गणित, तर्क, इंग्रजी आणि प्रोग्राम लिहिणे यांवर प्रश्न असतात. ती पार पडली की तांत्रिक मुलाखत होते. शेवटच्या मुलाखतीत तुमचा स्वभाव, आवड आणि कामाची तयारी पाहतात.

तांत्रिक मुलाखतीत काय विचारतात? एक उदाहरण पाहू. समजा, साहेबांनी विचारले, "वहीत हजार मुलांची नावे आहेत. त्यांतले एक नाव कसे शोधाल?"

घाई करणारा उमेदवार म्हणेल, "पहिल्यापासून एकेक नाव वाचत जाईन." हे उत्तर चूक नाही, पण कदाचित हजार नावे वाचावी लागतील. विचारी उमेदवार आधी विचारील, "नावे वर्णानुक्रमाने लिहिली आहेत का?" उत्तर 'हो' असेल, तर तो यादीच्या मधले नाव पाहील. हवे असलेले नाव त्याच्या आधी येणारे असेल, तर पुढची निम्मी यादी सोडून देईल. मग उरलेल्या यादीचे मधले नाव पाहील. हजाराचे पाचशे, पाचशेचे अडीचशे! अशा रीतीने फार तर दहा नावे पाहिली की हवे ते नाव सापडते, किंवा ते यादीत नाही हे कळते.

मुलाखत घेणाऱ्याला त्या नावाशी काही देणेघेणे नसते. तुम्ही विचार कसा करता, हे त्याला पाहायचे असते. म्हणून मनातला विचार मोठ्याने बोलून दाखवा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. उत्तर येत नसेल तर तसे सरळ सांगा. थापा मारू नका.

१९७४ सालची गोष्ट ऐका. टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असे लिहिले होते. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि या अन्यायाबद्दल जाब विचारला. कंपनीने त्यांना पुण्याला मुलाखतीसाठी बोलावले. तांत्रिक प्रश्नांची उत्तरे देऊन त्यांनी ती नोकरी मिळवली. याच पुढे लेखिका सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या. पोस्टकार्डाने दार उघडले, पण नोकरी मिळाली ती तयारीमुळे.

"आम्ही उर्दू माध्यमातले, आमचे कसे होणार?" असे तुम्ही म्हणाल. अशा मुलाखती बहुधा इंग्रजीत होतात, हे खरे. पण विचारांचा क्रम कोणत्याही भाषेत तोच राहतो. आजपासून एक सवय लावा. गणित सोडवले की ते मित्राला समजावून सांगा. आधी उर्दूत, मग मराठीत, मग इंग्रजीत. अडखळलात तरी थांबू नका.

आणखी एक गोष्ट घरीही सांगून ठेवा. चांगली कंपनी मुलाखतीसाठी किंवा नोकरीसाठी पैसे घेत नाही. कोणी पैसे मागितले, तर तो फसवतो आहे असे समजा.

मुलाखत एकदा हुकली म्हणून खचू नका. काय चुकले ते वहीत लिहा, ते शिका आणि पुन्हा अर्ज करा. उमेद सोडत नाही, तोच खरा उमेदवार.