बडतर्फीचा आदेश कोणाच्या हातून जावा?

सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना १८७४ मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधून बडतर्फ करण्यात आले. सिल्हेट येथे साहाय्यक दंडाधिकारी असताना एका खटल्याच्या कागदपत्रांत झालेली चुकीची नोंद हे त्याचे निमित्त. दाद मागण्यासाठी ते लंडनला गेले. उपयोग झाला नाही. दोन वर्षांनी त्यांनी कलकत्त्यात इंडियन असोसिएशनची स्थापना केली. चूक घडली होतीच. परंतु भारतीय असल्यामुळेच आपल्याला एवढी कठोर शिक्षा झाली, ही त्यांची खंत कायम राहिली.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद ३११ अशा मनमानीला आवर घालतो. नियुक्ती करणाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याला बडतर्फीचा अधिकार नाही. काही अपवाद वगळता आरोप कळवून, बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून कोणाला काढता येत नाही. न्यायालयांनीही त्यात भर घातली. अपील प्रलंबित असताना निलंबित कर्मचाऱ्याचा निर्वाहभत्ता महिना एक रुपयावर आणणारा मुंबई नागरी सेवा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, महाराष्ट्रातील चंद्रभान ताले यांच्या प्रकरणात, रद्द ठरवला. एका रुपयात कोणाचा निर्वाह होणार होता, हे नियम लिहिणाऱ्यालाच ठाऊक! १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात खासगी कारखान्यातील कामगारालाही म्हणणे मांडू दिल्याखेरीज काढता येणार नाही, असा निर्णय झाला.

मात्र आदेशावर सही झाल्यानंतर तो कोणी, कुठे, कोणत्या शब्दांत द्यावा, हे बहुतांशी अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले असते. माझा विवेक पहिल्या खेपेस अपुरा पडला. कार्यालयाच्या प्रथेप्रमाणे मी शिपायाकरवी आदेश पाठवला. घराला कुलूप असल्याने त्याने तो दारावर चिकटवला. शाळेतून परतलेल्या मुलाने तो सर्वांत आधी वाचला, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. आदेश कायद्याच्या कसोटीवर निर्दोष होता.

आजचे व्यवस्थापक रात्री ई-मेल धाडतात आणि सकाळी प्रवेशपत्र बंद करतात. विचारले तर मनुष्यबळ विभागाकडे बोट दाखवतात. त्या शिपायाची जागा यंत्राने घेतली, एवढाच फरक.

काही वर्षांनी लेखा शाखेतील एका लिपिकावरील अपहाराचा आरोप सिद्ध झाला. बावीस वर्षांची सेवा. या वेळी मी त्याला स्वतः बोलावले, दार लावून घेतले आणि निर्णय दोन वाक्यांत सांगितला. ‘मला वाईट वाटते’ असे म्हणालो नाही. माझे सांत्वन करण्याचा भार त्याच्यावर कशाला? चौकशीवर पुन्हा वादही घातला नाही. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम त्याचीच आहे, अनुकंपा भत्त्यासाठी अर्ज करता येईल आणि अपील किती दिवसांत, कोणाकडे करायचे, हे कागदावर लिहून दिले. त्याने कागदाची घडी घातली. मग एवढेच विचारले, की सर्वजण गेल्यावर टेबलावरचा डबा आणि चष्मा नेला तर चालेल का.

मी साडेसहापर्यंत कार्यालयात थांबलो.