कळ दाबली की वाजली पाहिजे

लिलाव संपायला चार मिनिटं होती आणि लाइन गेली. एप्रिल २००७. तेव्हा विदर्भात भारनियमनाचं वेळापत्रक घरोघरी भिंतीवर चिकटवलेलं असे आणि आम्हाला ते तोंडपाठ होतं. त्या रात्री मात्र लाइन वेळापत्रक सोडून गेली. सगळ्यात वरची बोली माझी होती, साडेसातशे रुपये. वस्तू होती बंगळुरूच्या कुणीतरी विकायला काढलेला आयबीएमचा ‘मॉडेल एम’ कीबोर्ड. घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखा आणि एक ट्यूब, एवढंच. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये इन्व्हर्टरला पंख्याआधी मोडेम जोडणारा माणूस घरात टिकत नाही. लाइन आली तेव्हा वीस रुपये जास्त देऊन तो कीबोर्ड कुणीतरी नेलेला होता.

त्या वीस रुपयांची सल अजून आहे. त्यानंतर माझ्याकडे जुने कीबोर्ड येत गेले, आज कपाटात एकोणीस आहेत, पण हुकलेला तो हुकलाच.

हा नाद लागला त्याचं मूळ टायपिंगच्या क्लासात आहे. नव्वदच्या दशकात वर्ध्यात दहावी-बारावी झालेल्या पोराला घरचे दोनच गोष्टी सांगत: आयटीआयचा फॉर्म भर, नाहीतर टायपिंग लाव. मी मराठी ३० आणि ४० च्या परीक्षा गोदरेजच्या मशीनवर दिल्या. क्लासात टाइपरायटरला ‘मशीन’च म्हणत. पत्र्याच्या छपराखाली वीसेक मशीनं एकदम चालू झाली की बाहेर सायकलवाल्याला घंटी वाजवून उपयोग नसे. त्या गलक्यातही आपल्या मशीनचा ठोका आपल्याला वेगळा ऐकू येई. कळ चुकली तर डोळ्याआधी कानाला कळायचं. पुढे डीटीपीचं दुकान टाकलं, लग्नपत्रिका आणि सहकारी संस्थांचे अहवाल छापायला घेतले, तेव्हा संगणकासोबत मिळालेला कीबोर्ड रबरी घुमटांचा निघाला. कळ दाबली की भिजलेल्या पापडावर बोट ठेवल्यासारखं वाटायचं. अक्षर उमटलं की नाही हे पडद्याकडे पाहूनच कळे. अहवाल रात्रीत संपवायचा असला की बोटांपेक्षा मानच जास्त दुखायची.

मग कळलं की बँकांत आणि तिकीट खिडक्यांवर जो काळा, ठोकळ्यासारखा कीबोर्ड खडखडतो तो टीव्हीएसचा ‘गोल्ड’. टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्स ही चेन्नईची कंपनी. तिचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तर गावोगावच्या पतसंस्थांत कर्रकर्र करत असत. गोल्डच्या प्रत्येक कळेखाली जर्मनीच्या चेरी कंपनीचा स्वतंत्र निळा स्विच असतो. त्यात स्प्रिंग असते आणि दांड्यावर एक सैल पांढरी कडी. बोट खाली जाताना ती कडी निसटते आणि टक्क होतं. एक स्विच पाच कोटी दाब सोसतो असं कंपनी सांगते. २०१० मध्ये उदयकुमारांनी रेखाटलेलं रुपयाचं चिन्ह सरकारने स्वीकारलं आणि थोड्याच दिवसांत ते चिन्ह छापलेला ‘गोल्ड भारत’ही आला. माझा पहिला गोल्ड मी जुन्या बाजारातून साडेतीनशेला घेतला. रात्री त्यावर काम सुरू केलं की आतल्या खोलीतून आवाज यायचा, “अकरा वाजता कोणाची फिर्याद टाइप करून राहिले?”

गोल्डने भागलं असतं. पण एका मासिकात मॉडेल एमबद्दल वाचलं आणि बुद्धी फिरली. १९८५ पासून आयबीएमने तो बनवला. वजन जवळपास सव्वादोन किलो, आत बाकदार पोलादी पत्रा, आणि प्रत्येक कळेखाली एक सुटी स्प्रिंग. दाब एका हद्दीपलीकडे गेला की ती स्प्रिंग मध्येच वाकते, कळेच्या नळीच्या भिंतीवर आपटते आणि पायथ्याशी असलेली छोटी हातोडी कलते. आवाज त्या वाकण्याचा, आणि अक्षर उमटण्याचा क्षणही तोच. आयबीएममधल्या रिचर्ड हॅरिस या अभियंत्याने सत्तरच्या दशकात ही युक्ती काढली. टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसाला संगणकावर परकं वाटू नये, हा त्यामागचा विचार. म्हणजे तीस वर्षांनी वर्ध्यात जी तक्रार मी करत होतो ती त्यांनी आधीच ऐकून ठेवली होती.

मॉडेल एम भारतात इतका दुर्मीळ का, याचा उलगडा मला उशिरा झाला. परकीय चलन कायद्याच्या वादात आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला आणि परतली ती १९९२ मध्ये, टाटांच्या भागीदारीत. मॉडेल एम जगभर टेबलाटेबलावर होता त्या वर्षांत ती कंपनी इथे नव्हतीच. आपल्याकडे तेव्हा एचसीएल, विप्रो, डीसीएम यांची यंत्रं होती. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत खतावणीची यंत्रं शिरली, त्यांना जोडलेले कीबोर्ड वेगळेच. ते कुणी जपून ठेवले नाहीत. मीही सुरुवातीला नाही.

शोधायची जागा म्हणजे इंटरनेटवरचे लिलाव. मुंबईत २००० साली सुरू झालेलं बाझी डॉट कॉम अमेरिकेच्या ईबेने २००४ मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरला विकत घेतलं. पुढच्याच वर्षी ब्रॉडबँड आलं, वर्ध्यात आमच्या गल्लीत पोचायला आणखी काही महिने लागले. तेव्हाच्या वेगाने एक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. तरी त्या फोटोंवरच सगळं अवलंबून असे. आधी मी मागचा प्लग बघायचो. गोल, जाड, पाच काड्यांचा असेल तर जुना. बारीक, सहा काड्यांचा असेल तर १९८७ नंतरचा. मग खालची ओळ. कंट्रोल आणि ऑल्टच्या मध्ये मोकळी जागा असेल तर विंडोज ९५ च्या आधीची घडण, कारण ती खिडकीवाली कळ त्याच सुमारास आली. एंटर उलट्या ‘एल’सारखी असेल तर आणखी बरं. मॉडेल एमच्या पाठीवर तर तयार झाल्याची तारीखच छापलेली असते, अगदी दिवसासकट. विकणाऱ्याने मागचा फोटो टाकला नसला की मी विचारायचो, आणि विचारल्यामुळे त्याला संशय येऊन भाव वाढायचा. हे शिकायला मला तीन कीबोर्ड गमवावे लागले.

सगळ्यात चांगल्या वस्तू चुकीच्या नावाखाली सापडत. ‘मेकॅनिकल’ असं लिहिलेलं असेल तर दहा जण आधीच टपलेले. ‘ओल्ड हेवी कीबोर्ड’, ‘साउंड प्रॉब्लेम’, स्पेलिंगात एक ‘ई’ कमी असलेला ‘कीबोर्ड’: खरा माल इथे. आवाज हा बिघाड आहे असं मानणाऱ्या विक्रेत्यांवर माझं निम्मं कपाट भरलं. एकाने तर वर्णनात लिहिलं होतं की कळा ‘कडकडतात, म्हणून स्वस्तात’. पैसे ईबेच्या ‘पैसापे’त भरायचे, वस्तू हाती आली की मग ते विक्रेत्याला मिळायचे. त्यामुळे धाडस करवत असे.

२०११ मध्ये अखेर अमेरिकेतून मॉडेल एम मागवला. टपालखर्च वस्तूपेक्षा जास्त झाला, घरी मी आकडा अर्धाच सांगितला. पाच आठवड्यांनी पोस्टमन दारात खोकं टेकवत म्हणाला, “भाऊ, पोथी हाय का वो?” पाठीवर नोव्हेंबर १९८९ ची तारीख होती. उचलून हलवला तर आत खुळखुळा. पत्रा आणि प्लास्टिक जोडणारे प्लास्टिकचेच रिव्हेट वयाने तुटतात, ही त्याची जगजाहीर खोड. सगळ्या कळा काढल्या, उरलेले रिव्हेट पटाशीने छाटले, दीड मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडली आणि चष्म्याच्या दुकानातून आणलेले बारीक स्क्रू बसवले. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी त्यावर पहिली लग्नपत्रिका टाइप केली. वधूपिता समोर बसलेला. म्हणाला, मशीन नवीन घ्या आता.

याच सुमारास जवळचा माल दिसायला लागला. हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या ऑफिसमधून निघालेले दोन कीबोर्ड मी भंगारवाल्याकडून आणले. पहिली कळ उपसली तर खाली रुई. साधी धूळ नाही, पिंजलेल्या कापसाची चांगली दाबून बसलेली गादी, त्यात स्टेपलरच्या पिना आणि खर्र्याची सुपारी. स्विच मात्र आत कोरे होते, वरच्या रुईनेच त्यांना झाकून जपलं होतं. तेव्हापासून सरकारी कार्यालयांकडे माझं लक्ष गेलं. तिथल्या प्रत्येक कीबोर्डवर ऑइल पेंटने जडसंग्रह नोंदवहीतला नंबर टाकलेला असतो. वर्षानुवर्षं तो नंबर एका खोलीत पडून राहतो, मग निर्लेखन होतं आणि वस्तू ढिगाने लिलावात जाते. पण ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, २०१६ मध्ये आणखी कडक झाले, आणि असे ढीग प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यांनाच मिळू लागले. नियम रास्त आहे. तारा जाळून तांबं काढणारी पोरं मी स्टेशनच्या मागे पाहिलेली आहेत. फक्त त्या नियमाच्या लेखी शंभर किलो कीबोर्ड म्हणजे शंभर किलो प्लास्टिक आणि तांबं. एक कीबोर्ड मागणाऱ्या माणसासाठी त्यात रकाना नाही.

एव्हाना गेम खेळणाऱ्या पोरांत टकटकणाऱ्या कळांची फॅशन आली. चेरीच्या मूळ पेटंटची मुदत संपली होती, चीनमधून तसेच स्विच स्वस्तात येऊ लागले आणि ज्याला मी ‘बिघाड’ म्हणून विकत घेत होतो त्याला बाजारात नाव मिळालं. नाव मिळालं की भाव आला. १४ ऑगस्ट २०१८ ला ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं. मी रात्री बसून माझ्या जुन्या खरेदीची पानं छापून घेतली, लग्नपत्रिकेच्या उरलेल्या कागदाच्या पाठीवर.

त्या पानांत एक गोष्ट नजरेत भरली. अकरा वर्षांत मी एकदाही देवनागरी कीबोर्डवर बोली लावली नव्हती, कारण तो तिथे कधी आलाच नाही. अमेरिकी कीबोर्डचे भाग क्रमांक मला पाठ. आणि ज्या लिपीत मी दिवसभर पोट भरतो तिच्या कळा कशा दिसतात ते आठवावं लागे.

तेही वर्ध्यात राहून. या गावाने देवनागरीच्या कळांवर एकेकाळी बराच खल केलेला आहे. टाइपरायटरला ४४ ते ४६ कळा, म्हणजे नव्वदीच्या आसपास खुणा. बाराखडी आणि जोडाक्षरं त्यात कोंबायची कशी? १९३६ साली इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. तिच्या जुन्या पुस्तकांत ‘इ’ऐवजी ‘अि’ आणि ‘उ’ऐवजी ‘अु’ दिसतो. स्वरांची वेगळी चिन्हं वाचवायची ही तऱ्हा. तिचे एक मोठे पुरस्कर्ते काका कालेलकर. हिंदुस्थानी लघुलिपी आणि टंकलेखनाचा साचा ठरवायला १९४८ मध्ये जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षही तेच. पवनारच्या विनोबांची ‘लोकनागरी’ त्याच वाटेवरची. गांधींच्या गावात चरख्याइतकीच कळफलकाचीही चिंता वाहिली गेली, पण पाटी फक्त चरख्याची लागली. (‘कळफलक’ हा शब्द मी फक्त छापतो, बोलत नाही. बोलताना कीबोर्डच.)

संगणक आल्यावर हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट मांडणी ठरवली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, जोडाक्षर यंत्र स्वतः जुळवणार. मशीनवर ‘कि’ काढताना आम्ही आधी वेलांटी मारायचो, कारण कागदावर ती आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. माझी बोटं हे कधीच शिकली नाहीत. पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्डं काढली आणि नव्वदच्या दशकात कार्यालयांत ती बसवलेले, मराठी चालणारे संगणक आले. बहुतेकांनी इंग्रजी कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले, घामाने ते वर्षभरात उचकटले. कळेवरच देवनागरी छापलेले कीबोर्ड थोडे, आणि ते विकणाऱ्याला त्याचं इंग्रजीत काय लिहायचं हे माहीत नाही. म्हणून ते भंगारात जातात.

असा एक मला मिळाला, २०२२ च्या पावसाळ्यात. इतवारा बाजाराकडच्या ओळखीच्या भंगारवाल्याचा फोन आला, “भाऊ, तुमच्यावाला हाय एक. लय वाजते. अन् मराठी लिहेल हाय त्याच्यावर. काहून पाह्यजे असते तुमाले असं?” वजनावर दिला, पंचेचाळीस रुपये. पाठीवरचं लेबल गळून गेलेलं, पिवळा पडलेला, जडसंग्रहाचा नंबर अर्धा पुसलेला. ‘जे’वर र, ‘के’वर क, ‘एच’वर प, अक्षरं जराही झिजलेली नाहीत, ज्याच्या टेबलावर होता त्यानेही इनस्क्रिप्ट शिकली नसावी. एक कळ मात्र नव्हती. खालच्या ओळीतली ‘एन’, जिच्यावर ल आणि ळ असतात. तिथे नुसता स्विचचा दांडा वर आलेला.

दुसऱ्या एका मोडक्या कीबोर्डची कोरी पांढरी कळ तिथे बसवली आहे. ती जरा उंच आहे, बोट अडतं. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय की नुसती सुटी कळ दिसली तरी बाजूला ठेव. त्याने विचारलं, कोणती. मी कागदावर ळ काढून दिला, तो त्याने तराजूच्या वरच्या खिळ्याला टोचून ठेवला आहे.