हक्काला तरतूद हवी : डॉ. पंजाबराव देशमुख

अमरावतीत 13 नोव्हेंबर 1927 रोजी वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि विषय होता अंबादेवीच्या देवळात प्रवेशाचा. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अजून वर्षही झाले नव्हते. या चळवळीच्या बाजूने सवर्ण समाजातून जे मोजके लोक उघडपणे उभे राहिले, त्यांत विलायतेहून वर्षभरापूर्वीच परतलेला एक तरुण बॅरिस्टर होता. त्याच महिन्यात त्याने मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. जे बोलायचे ते आधी स्वतःच्या घरात करायचे, ही त्याची रीत पुढेही टिकली.

पंजाबराव शामराव देशमुख यांचा जन्म 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. अमरावतीचे हिंदू हायस्कूल, पुण्याचे फर्ग्युसन आणि मग 1920 मध्ये थेट इंग्लंड. मुलाच्या परदेशी शिक्षणाचा भार त्या घरच्या शेतीवर पडला. एडिंबरात एम. ए., पुढे बॅरिस्टर आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. ज्या ग्रंथांवर आपलीच मक्तेदारी आहे असे एक वर्ग मानत आला, ते ग्रंथ कुणब्याच्या मुलाने मुळातून वाचून अभ्यासले. देवळाच्या वादात त्यांच्या तोंडावर शास्त्राधार फेकणे कोणालाही सोपे जाणार नव्हते.

पण मला त्यांचे खरे मोठेपण विद्वत्तेत दिसत नाही. ते दिसते डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या कारभारात. 1928 मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्या काळी जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळा आणि सार्वजनिक विहिरी या संस्थांच्या हातात असत. पंजाबरावांनी विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरला आणि त्या खर्चासाठी कर वाढवला. कर वाढवणारा पुढारी लोकांना आवडत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण सक्तीचा ठराव करायचा आणि मास्तराच्या पगाराची सोय करायची नाही, ही फसवणूक त्यांना मान्य नव्हती. समतेच्या घोषणेला पैशाची तरतूद जोडणारे पुढारी आपल्याकडे तेव्हाही थोडे होते.

हाच विचार पुढे विधिमंडळात गेला. 1930 मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून आले आणि शिक्षण, शेती, सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. 1932 मध्ये त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवळांत साठलेल्या पैशाचा हिशेब व्हावा आणि तो समाजाच्या, विशेषतः शिक्षणाच्या कामी यावा, ही त्यामागची भूमिका. प्रवेशाच्या लढ्याहून हे पाऊल जास्त धीट होते. प्रवेश मिळाला तर भक्त आत जातो. या विधेयकाने देवळातला पैसा गावातल्या पोरांपर्यंत बाहेर आला असता. विरोध कडवा झाला, यात नवल नाही. कर्जाखाली पिचलेल्या शेतकऱ्यासाठी कर्जलवादाचा कायदा झाला, त्यामागेही त्यांचेच प्रयत्न होते. सावकाराकडे जमीन गेलेल्या घरातले पोर शाळेत टिकत नाही, हे त्यांना आकडेवारीतून शिकावे लागले नव्हते.

परदेशातून आल्या आल्याच त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले होते. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. खेड्यातल्या मुलाची अडचण शाळेच्या फीपेक्षा राहण्या-जेवण्याची जास्त असते. म्हणून वसतिगृह आधी आणि संस्था नंतर, असा क्रम लागला. 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आज ती राज्यातल्या मोठ्या शिक्षणसंस्थांत गणली जाते.

घटना समितीतले पंजाबराव मात्र सरळ रेषेत बसत नाहीत. सरकारी नोकऱ्यांत सर्व वर्गांना लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, यासाठी ते तिथे भांडले. शेतकरी आणि मागास जाती शहरी शिक्षितांच्या मागे कायमच्या पडतील, ही त्यांची भीती रास्त होती. पण ऑगस्ट 1949 मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर त्यांनी सुचवले की, दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कोणीही हिंदू वा शीख, कुठेही राहत असला, तरी भारताचा नागरिक होऊ शकावा. समितीने ती दुरुस्ती फेटाळली, आणि माझ्या मते योग्यच केले. ज्याने विहिरीवर माणसाची जात विचारू दिली नाही, त्याने देशाच्या दारात धर्म विचारावा, हे मनाला लागते. फाळणीने उखडलेल्या निर्वासितांचे लोंढे समोर होते, ही पार्श्वभूमी खरी. पण त्याने विसंगती मिटत नाही. त्यांची जयंती थाटात करणाऱ्यांनी हे पानही वाचायला हवे.

1952 ते 1962 अशी दहा वर्षे ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. 1955 मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला, 1959 च्या अखेरीस दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. 10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. विमलाबाई पुढे संसदेत गेल्या, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला पंजाबरावांचे नाव लाभले.

त्यांच्या एका आग्रहाचा परिणाम मात्र आजही रोज दिसतो. विदर्भातल्या मराठा शेतकऱ्यांनी कागदावर कुणबी म्हणून नोंद करावी, असे ते सांगत राहिले. सरंजामी मोठेपणापेक्षा पोराची फी आणि नोकरी महत्त्वाची, हे त्यामागचे गणित. अनेकांनी ऐकले आणि त्यांची नातवंडे इतर मागासवर्गाच्या सवलतींवर शिकली, असे विदर्भात आजही कृतज्ञतेने सांगितले जाते. 2023 मध्ये मराठवाड्यात निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारला न्या. संदीप शिंदे समिती नेमावी लागली, तेव्हा विदर्भातल्या बहुतेक कुणबी घरांत हा दाखला केव्हाच येऊन पडलेला होता.