डीपीवरचा भार आणि टॉवरवरची गर्दी

गेलेली वीज परत आली की ऑटो स्विचमुळे शिवारातले सगळे पंप एकदम सुरू होतात आणि डीपी जळतो, हे तुम्ही भोगले आहे. म्हणून तर ऑटो स्विच काढा, असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले. तसेच काहीसे आता मोबाईलच्या टॉवरवर घडू शकते.

उल्हासनगरचे पाच कॅम्प, अंबरनाथचे कारखाने, बदलापूरच्या नव्या इमारती डोळ्यांपुढे आणा. तिथे स्मार्ट मीटर बसत आहेत. अशा पुष्कळ मीटरांत सिमकार्ड असते आणि मीटर आपला आकडा आपणच कळवतो. यंत्रांच्या अशा सिमांसाठी दूरसंचार विभागाने २०१८ साली १३ आकडी क्रमांक ठरवले. दहा आकडे पुरणार नाहीत हे दिसत होते.

मीटरचा निरोप म्हणाल तर चिमूटभर. अडचण आहे ती वेळेची. वीज परतली की हजारो मीटर एकाच क्षणी टॉवरला हाक मारू लागतात. ४जी टॉवरच्या एका क्षेत्रात हाक ओळखण्याच्या खुणा अवघ्या ६४. दोघांनी एकच खूण उचलली की टक्कर होते, दोघे पुन्हा हाक मारतात आणि गर्दी वाढतच जाते.

यावर पहिला उपाय असा, की प्रत्येक यंत्राने कमीजास्त वेळ थांबून मगच हाक मारायची. दुसरा उपाय टॉवरच्या हाती. सिमांचे ० ते ९ असे दहा वर्ग असतात. गर्दी झाली की अमुक वर्गातल्या यंत्रांनी थांबावे असे टॉवर पुकारू शकतो आणि मग पाळी बदलतो. माणसांच्या फोनला ही बंदी नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी सोडवावे लागले. अशा दिवशी मीटरचा आकडा तासाभराने पोचला तर काय बिघडते? माणसाची हाक आधी लागली पाहिजे.

तुमच्या विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरातही सिमच आहे. वीज आल्यावर पंप किती वेळाने सुरू व्हावा, ते पुष्कळ स्टार्टरांत लावता येते. शेजाऱ्याने दोन मिनिटे लावली असतील तर तुम्ही पाच लावा, पलीकडच्याने नऊ. डीपीही वाचेल. स्टार्टरला फोन लागला नाही तर लागोपाठ दहादा लावू नका, जरा थांबा. नवा घेताना दुकानदाराला विचारा: निरोप गेला नाही तर हे यंत्र लगेच धडका मारते, की थांबून पाहते? त्याला सांगता आले नाही, तर दुसरे दुकान बघावे.