तेराव्यानंतर शाळेत परतणारं लेकरू

नवी पेठेतून बोलतेय. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपण विसरलेलो नाही. तेव्हा भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणाची सोय पुण्यात केली. दुःखात शाळाच मुलांचा आधार होते.

आपल्या गावातही, लेकरू शाळेत परतण्याआधी बाईंना घरची हकीकत सांगा. बाईंनी त्याला बाजूला घेऊन म्हणावं, "तुझे बाबा वारले, मला कळलं. रडू आलं तर माझ्याकडे ये." 'गावाला गेलेत' म्हणू नये, मूल वाट बघत बसतं. अभ्यास मागे पडला, चिडचिड वाढली, तर रागावू नये. तेही दुःखच असतं. प्रार्थना, डबा, खेळ रोजच्यासारखे चालू द्यावेत.

बालसंगोपन योजनेची चौकशी बचत गटानं करावी. मदतीसाठी १०९८ लावा.